मागची बाजू कोरी

दादा, सव्वा महिना झाला तुला जाऊन. पेपरात चार ओळी निनादने दिल्या. मामावर माझ्या लेकाचा जीव, पण त्यात तुझं वय चुकलं आणि वर तुला 'कलाप्रेमी' केलंय. तू वाचलं असतंस तर तोंडात धरलेले खिळे सांभाळत हसला असतास. लालबागच्या बोळातला फ्रेमवाला तू, आयुष्यभर दुसऱ्यांच्या देवांना आणि दुसऱ्यांच्या मेलेल्यांना काच लावलीस. आणि तुझ्या फोटोला फ्रेम आली कुठून, तर ऑनलाइन मागवलेली, प्लास्टिकच्या पट्टीची. कोपरे बघ, काटकोनात जुळत नाहीत. मी ती भिंतीवर लावलेली नाही, कपाटाला टेकवून ठेवली आहे. तुझ्यासमोर तुला असल्या फ्रेममध्ये टांगायची माझी हिंमत नाही.

पण हे सगळं नंतर. मी बसलेय ते एका गोष्टीसाठी, आणि ती सांगायला मला हा सव्वा महिना लागला. खरं तर अकरा वर्षं लागलीत.

तुझ्या चित्राची गोष्ट आहे. गिरगावातल्या त्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, ट्रस्टच्या म्युझियममध्ये लागलंय ते. नागपाशाचं. तू हयात असताना मी तिथे तुझ्याबरोबर एकदाच गेले होते, आणि खरं सांगते, मला ते आवडलं नव्हतं. कागद हातभरसुद्धा नाही, आणि त्यात राम-लक्ष्मण उभेच्या उभे सापांनी करकचून बांधलेले. इंद्रजिताने मारलेल्या बाणांचे साप झाले आणि त्यांनी दोघांना जखडलं, ती कथा. पायापासून गळ्यापर्यंत वेटोळी, हिरवी, काळी, तांबडी. खाली वानर डोक्याला हात लावून बसलेत, आपल्या चाळीत मयताला बसायचे तसे. आणि रामाचा तो मोठा, कानापर्यंत गेलेला डोळा सरळ पुढे बघतोय. रागाने नाही, रडून नाही. वाट बघतोय. मला तेव्हा वाटलं, हे काय भिंतीवर लावायचं चित्र आहे? देवाचं चित्र म्हणजे कसं, आशीर्वादाचा हात हवा, कमळ हवं. तू म्हणालास, बाय, ह्या चित्राचो दुसरो भाग आसा. मी ऐकलं नाही. मला घरी जायची घाई होती.

ते चित्र तुझ्याकडे आलं कसं, ते तू मला फार उशिरा सांगितलंस. लोक फुटक्या काचांच्या तसबिरी, वाळवी लागलेले दत्त, रंग उडालेल्या लक्ष्म्या तुझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवून निघून जायचे. देव कचऱ्यात टाकवत नाही आणि घरात ठेवायला जागा नाही, म्हणून. बाकीचे फ्रेमवाले ओरडायचे, तू कधी ओरडला नाहीस. गठ्ठा साठला की वरळीला ओळखीच्या होडीवाल्याला गाठायचास आणि खोल पाण्यात सोडून यायचास. हे ऐकूनच कुडाळकडची ती म्हातारी तुझ्याकडे आली होती. तिचा नवरा चित्रकथी, चित्रं दाखवून रामायण सांगायचा, गावोगाव, देवळात. तो गेला, मुलं मुंबईत नोकरीला लागली, ती त्यांच्याकडे आली, आणि लाल फडक्यात बांधलेली त्याची चित्रांची पोथी तिने तुझ्या हातात ठेवली. जीर्ण झालेली पोथी माणसाच्या अस्थींसारखीच पाण्यात सोडायची असते, नारळ ठेवून. तिला स्वतःला समुद्रापर्यंत जाववत नव्हतं.

आणि तिने तुला ते सांगितलं, जे तू मला पुढे शंभर वेळा सांगितलंस. पोथीचं प्रत्येक पान म्हणजे पाठीला पाठ चिकटवलेली दोन चित्रं. एका बाजूला नागपाश, तर उलटलं की गरुड. गरुड येतो, साप पळतात, राम सुटतो. तिचा नवरा म्हणे कथा कुठेही थांबवायचा, पाऊस आला, दिवा गेला, पोट दुखायला लागलं तरी. पण बांधल्या रामावर कधी थांबला नाही. आधी पान उलटायचा, गरुड दाखवायचा, मगच उठायचा. राम बांधलेला ठेवून उठलं की घरातलं कुणीतरी अडकून पडतं, असं ते मानत.

सगळी पोथी तू सोडलीस. एक पान शर्टाच्या आत घालून परत आणलंस. रंग बघून तुझा हात धजावला नाही, असं तू म्हणालास. मी समजू शकते. फ्रेमवाल्याला रंग म्हणजे काय ते मला माहीत आहे. गरुडाच्या बाजूला ओल लागून डाग पडला होता, म्हणून नागपाश पुढे केलास, मागे पुठ्ठा, त्यावर हार्डबोर्ड, चारी बाजूंनी खिळे आणि खाकी पट्टी. दुकानात टांगलंस. मग एक गिऱ्हाईक आलं, त्याने म्युझियमवाल्यांना सांगितलं, ते आले, आणि तुझ्यासारख्या माणसाचं चित्र म्युझियमला हवंय म्हटल्यावर मीच मागे लागले तुझ्या. दे, दे, लोक बघतील, नाव लागेल.

आता ऐक. हे मी तुला सांगितलेलं नाही.

देणगीचा फॉर्म मी भरला होता. आठवतं ना, तुझे सगळे फॉर्म मीच भरायचे, तू फक्त सही करायचास, न वाचता. रेशनिंग ऑफिसात तीस वर्षं काढलेली बाई मी. एक रकाना रिकामा राहिला की साहेब फॉर्म तोंडावर फेकायचा, आणि माझा एकही फॉर्म कधी परत आला नाही, हा माझा तोरा. त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, मागील बाजूचे वर्णन. फ्रेम बंद होती. तू मागे पट्टी कापत होतास, करवतीचा आवाज येत होता. हाक मारून विचारलं असतं तर दोन क्षणांचं काम होतं. मी लिहिलं, 'कोरी'. लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर गेले.

वर्षभराने ती म्हातारी परत आली तुझ्याकडे. सगळी सोडलीस ना रे बाबा, म्हणाली. तू हो म्हणालास. त्या दिवसापासून तुझं जेवण गेलं. मग तू मला ही सगळी हकिकत सांगितलीस, आणि म्हणालास की विसर्जन राहिलं ते राहिलं, निदान पान तरी उलटायला लावतो. गेलास म्युझियममध्ये. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि तुला दाखवलं, काका, मागची बाजू कोरी आहे, तुमचीच सही आहे बघा. तू घरी येऊन हे मला सांगत होतास तेव्हा मी कोलंबी सोलत होते. तो शब्द कुणी लिहिला, ते तू विचारलं नाहीस. मला त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. मी कोलंबी सोलत राहिले.

का नाही बोलले? भीती म्हणावी तर कुणाची, तुझी? तू तर चिडलाही नसतास. एवढंच म्हणाला असतास, अगो बाय. पण ते 'अगो बाय' मला ऐकायचं नव्हतं. मला वाटलं, जाईल डोक्यातून. तुझ्या डोक्यातून काही जातं का कधी?

त्याच्यापुढे तर मी कहर केला. तू म्हणालास, बाय, माका अर्ज लिवन् दी, तुझी भाषा चांगली. आणि मी लिहिले. तीन अर्ज. 'सविनय विनंती की' पासून 'आपला नम्र' पर्यंत, एकही खाडाखोड नाही. चित्रकथीची परंपरा, पान उलटण्याचा रिवाज, सगळं होतं त्यात. फक्त एक वाक्य नव्हतं, ज्याने काम झालं असतं. तिन्ही अर्जांना तेच उत्तर आलं, आमच्या नोंदीनुसार मागील बाजू कोरी आहे, चौकट उघडण्याचे कारण दिसत नाही. तू ती उत्तरं दुकानात खिळ्याला अडकवून ठेवायचास. मी आले की माझी नजर आधी तिकडे जायची.

आपण भांडलोही. मी म्हणायचे, दादा, लोक बघतायत ना, पाण्यात गेलं असतं तर कुणी बघितलं असतं? तू म्हणायचास, बघतत गो, पण काय बघतत? बांधलेलो राम बघतत आणि जेवायला जातत. मी म्हणायचे, तू फार मनाला लावून घेतोस. तू म्हणायचास, तू लावूनच घेत नाहीस. त्यावर मी रागावून निघून यायचे, कारण 'कोरी' मी न बघता लिहिलं, हे एकट्या मलाच माहीत होतं.

आणि मग गेल्या दिवाळीच्या आधी. तू दुकान बंद करत होतास, शटर अर्धं खाली आलेलं. तू एकदम थांबलास आणि मला विचारलंस.

"बाय, माका गरुड खराच दिसललो मा गो? की सपान पडला माका?"

दादा, तुझा आवाज लहान मुलासारखा झाला होता. अकरा वर्षं सगळ्यांनी कोरी कोरी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांनी बघितलेलं तुलाच खरं वाटेनासं झालं होतं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, जाऊ दे ना दादा आता, जुन्या गोष्टी. तू शटर पूर्ण खाली ओढलंस.

माझे हे गेले तेव्हा सहा महिने तू रोज दुकान बंद करून नायगावला यायचास आणि गप्प बसायचास. केसात लाकडाचा भुसा, हातात वाटाण्याची पुडी. एक शब्द सांत्वनाचा बोलला नाहीस, आणि त्यानेच मी उभी राहिले. त्या तुला मी असं उत्तर दिलं. मी माझ्याबद्दल काय बोलू?

हॉस्पिटलमध्ये तू नळी ओढून काढशील म्हणून त्यांनी तुझे दोन्ही हात बँडेजने पलंगाच्या दांड्यांना बांधले होते. बोलता येत नव्हतं. मी भेटायच्या वेळेत आले की तू माझ्याकडे बघायचास आणि उजवा तळहात पालथा करायचास, उताणा करायचास. पालथा, उताणा. सिस्टरने विचारलं, काय म्हणतायत बाबा? मी म्हटलं, कूस बदला म्हणतायत. दोघींनी मिळून तुझी कूस बदलली. तू डोळे मिटलेस. मला कळलं होतं दादा तू काय म्हणतोयस ते. पहिल्याच दिवशी कळलं होतं.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला. कावळे होते, ढीगभर, पण शिवेना एकही. निनाद म्हणाला, मामा, दुकान बंद नाही करणार. नाही. शेजारचे म्हणाले, काका, बहिणीची काळजी करू नका, आम्ही आहोत. नाही. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले, कुणीतरी म्हणालं दर्भाचा कावळा करून उरकू या. तेव्हा मी पुढे गेले आणि हात जोडून तोंडातल्या तोंडात म्हटलं, दादा, पान मी उलटून घेते. मागे सरले न सरले तोच कावळ्याने घास उचलला.

सगळे म्हणाले, सुटला बिचारा. तू सुटलास रे. मला मात्र तू चांगलीच अडकवून गेलास.

त्यानंतर पहिल्यांदा म्युझियममध्ये गेले ती चित्रासमोर तासभर बसूनच आले. तिथे गॅलरीत परबबाई म्हणून राखणीला असतात, कणकवलीच्या. त्यांनी माझ्या नाकावरून ओळखलं, मी तुझी बहीण. म्हणाल्या, ते काका यायचे, काचेच्या कडेने मागे डोकावायला बघायचे, मला ओरडावं लागायचं. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. दुसऱ्यांदा गेले ती तिथल्या अधिकारी मुलीला भेटले. निनादच्या वयाची असेल, बोलायला गोड. तिने रजिस्टर काढलं, त्यात लावलेला फॉर्म दाखवला. माझं अक्षर. सुवाच्य, वळणदार, शाईसुद्धा उडालेली नाही. 'कोरी.' मी म्हटलं, बरं, आणि घरी आले. हो, दादा, तुला वचन देऊनसुद्धा मी बरं म्हणून घरी आले.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा परबबाईंनी सांगितलं की चित्र सोमवारी उतरवणार. कागदाला उजेडाचा त्रास होतो, म्हणून अधूनमधून विश्रांती देतात. खणात, अंधारात ठेवतात. किती दिवस? दिवस कसले ताई, दोन-तीन वर्षं तरी. मी चित्राकडे बघितलं. तो डोळा तसाच, पुढे. अंधारात, बांधलेला, दोन-तीन वर्षं. माझं वय बघता मी परत बघेन की नाही कोण जाणे. तिथेच बाकावर बसून मी पर्समधला कागद काढला आणि चौथा अर्ज लिहिला. दोन ओळींचा. सदर रकाना मी भरला होता. मी मागची बाजू पाहिली नव्हती.

त्या मुलीने वाचला. दोनदा वाचला. मग शांतपणे विचारलं, मग मागे गरुड आहे, हे तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, भावाने सांगितलं. तुम्ही पाहिलाय? नाही. मग आणखी कुणी पाहिलाय? म्हातारी गेली, तू गेलास. कुणी नाही. ती म्हणाली, सोमवारी फ्रेम उघडून बघू, तुम्ही या.

शनिवार-रविवार कसे गेले ते मलाच माहीत. गरुड निघाला तर मी तुला अकरा वर्षं खोटं पाडलं होतं. आणि नाही निघाला तर? वय झालेलं, ओलीचा डाग, तुला त्यातच पंख दिसले असतील तर? मग तू वेडा ठरणार होतास, आणि तेही माझ्याच अर्जाने, चार लोकांसमोर. मी देवाकडे काय मागावं तेच मला कळेना. दोन्हीकडून मीच पकडली जात होते, आणि खरं सांगू, एकदा मनात असंही येऊन गेलं की कोरीच निघू दे. एकदा नाही, दोनदा.

सोमवारी म्युझियम बंद असतं. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर तुझी फ्रेम पालथी. हातमोजे घातलेल्या माणसाने खाकी पट्टी सोडवली, एकेक खिळा काढला. तुझे खिळे दादा, थोडे तिरके, आत दाबलेले, म्हणजे पट्ट्या कितीही हलल्या तरी सुटत नाहीत. तो माणूस म्हणाला, कुणी केलीय ही, फार पक्की आहे. हार्डबोर्ड निघाला. पुठ्ठा निघाला.

आधी डाग दिसला. मोठा, तपकिरी. मग डागाच्या आतून पंख दिसला. मग दुसरा. मग चोच. अख्खा कागद भरून गरुड, दादा, तांबडा, हिरवा, पिवळा, इतकी वर्षं अंधारात राहिल्यामुळे पुढच्या बाजूपेक्षा ताजा. साप कडेकडेने पळतायत, एकाची तर नुसती शेपटी उरलीय. आणि खाली राम, हात मोकळे, तोच डोळा. पण आता तो वाट बघत नव्हता.

गाऱ्हाणं, देवापुढचं मागणं, बाईमाणसाने घालायचं नसतं. आपल्या घरी ते तू घालायचास आणि आम्ही मागे उभं राहून री ओढायचो. पण तू नव्हतास, आणि माझ्या तोंडून ते आपोआप आलं, तुझ्याच चालीत, तुझ्याच भाषेत.

"बा देवा म्हाराजा, माझ्या हातसून जी काय चूक झाली आसात, ती पदरात घे रे म्हाराजा."

दारात परबबाई उभ्या होत्या. सुट्टीचा दिवस, तरी आल्या होत्या. सवयीने, हळूच, त्यांच्या तोंडून निघालं.

"व्हय म्हाराजा."

मग मी रडले. सव्वा महिन्यात पहिल्यांदा. त्या मुलीने मला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. 'कोरी' वर लाल शाईने आडवी रेघ मारली, वर लिहिलं, गरुड, नागपाशातून सुटका. बाजूला मला सही करायला लावली. या वेळी मी पूर्ण वाचून सही केली. चित्र खणात ठेवताना तिने मला विचारलं, कुठली बाजू वर ठेवू? मी हाताने दाखवलं. तळहात पालथा केला, उताणा केला. तिला लगेच कळलं, तिने गरुड वर ठेवला.

खण बंद झाला. मी बसने लालबागला उतरले आणि तुझ्या बंद शटरसमोर जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. नाही वाटलं. राम सुटला, तू सुटलास, त्या म्हातारीचा शब्दही एका परीने राहिला. माझ्याकडे तुझा तो एक प्रश्न तसाच आहे, त्याच शटरपाशी विचारलेला, आणि आता उत्तर घेऊन आले तर घ्यायला माणूस नाही. तरी शटरला तोंड लावून सांगितलं, येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

हो, दादा. खराच दिसललो तुका.